आठ घरी पोचेना

माझं लग्न आठ या आकड्यानं अडवलं होतं. पत्रिकेतल्या आठव्या स्थानात कुणी ग्रह ठाण मांडून बसला होता म्हणून नव्हे. पाढे म्हणताना सातानंतर आणि नवाच्या आधी येतो तो साधा आठ. पाटीवर काढला की घसरगुंडीसारखा दिसतो. त्या घसरगुंडीवर मी स्वतःच्या पायांनी चढलो आणि ज्येष्ठात जो घसरलो तो कार्तिक उजाडला तरी घसरतच होतो. आता सांगताना हसू येतं. तेव्हाही सगळ्यांना येत होतं, एक मी सोडून.

मी बेडशाकडचा. मॅट्रिक झालो आणि कामशेतला मामाच्या तांदळाच्या वखारीत कामाला लागलो. मामा शाळेची पायरी चढला नव्हता, पण पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ नाकाशी नेला की तो कुठल्या गावच्या खाचरातला हे छातीठोकपणे सांगायचा. निम्म्या वेळा चुकायचं. पण आवाज असा, की शेतकऱ्याला आपलंच गाव आठवेनासं व्हायचं.

स्थळ मामानंच आणलं.

"लोनावळ्याच्या गुर्जींची धाकटी लेक. पोरगी शिकलेली हाय. आन् गुर्जी देण्याघेण्याचं नाव काढत न्हाईत. फकस्त एक आकडा मागत्यात."

"कसला आकडा?"

"ते काय मला ठावं न्हाई. देऊन टाकू. आपल्याकडं आकड्याला काय तोटा हाय व्हय?"

हे गुरुजी म्हणजे लोणावळ्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून पेन्शनीत निघालेले गृहस्थ. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाच्या कानांत दिवसभर डब्यांचे आवाज असतात. घाट उतरायच्या आधी मालगाडी इथं थांबते, तिचे डबे सोडतात, हलवतात, पुन्हा जोडतात. तेव्हा घाटात विजेची एंजिनं नुकतीच आली होती, पण डब्यांचा खडखडाट तोच होता. गुरुजींनी तोच खेळ संख्यांशी मांडला होता.

समजा दहा. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. हे दोन डबे सुटे करायचे, लहान पुढं आणि मोठा मागं असे लावायचे, आणि जोडून वाचायचे. झाले पंचवीस. पंचवीस म्हणजे पाच आणि पाच. जोडले की पंचावन्न. पंचावन्नचे पाच आणि अकरा. म्हणजे पाचशे अकरा. त्याचे सात आणि त्र्याहत्तर, सातशे त्र्याहत्तर. हा सातशे त्र्याहत्तर मात्र कशानंच फुटत नाही. एक आणि तो स्वतः सोडून त्याला कुणी निःशेष भागू शकत नाही. मूळ संख्या म्हणतात ती हीच. गाडी थांबली. मग गुरुजी खडू खाली ठेवून समाधानानं म्हणत, "दहा घरी पोचला."

घरी येणाऱ्या प्रत्येकाकडून ते एक आकडा मागून घेत. दूधवाला आकडा दिल्याशिवाय दूध ओतू शकत नसे. आणि मुलीला बघायला आलेल्या मुलानं तर आकडा नुसता द्यायचा नव्हता, स्वतः घरी पोचवायचा होता. थोरल्या जावयानं दहा घेतला होता. मधल्यानं सहा घेतला: दोन आणि तीन, तेवीस. संपलं. पोह्यांवर लिंबू पिळायच्या आत तो जावई झाला.

गुरुजींची आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्यावरच माझा संसार उभा राहिला. अकराची कसोटी. संख्या कितीही लांब असो; एकाआड एक आकडे उचलायचे, पहिल्या रांगेची बेरीज वेगळी, दुसऱ्या रांगेची वेगळी. दोन्ही बेरजा सारख्या आल्या किंवा त्यांच्यात अकराचा फरक पडला की खुशाल समजावं, अकरानं भाग जातो. वर्गातल्या पोरांना एकेक आकडा वाटून, ओळीनं उभं करून "डावा, उजवा, डावा, उजवा" असं ओरडत ते कसोटी शिकवत. गावाच्या दोन पिढ्या अशा डाव्याउजव्या झाल्या होत्या. लोणावळ्यातला कुणीही माणूस मालडब्यावरचा नंबर बघताना नीट पाहा. त्याचे ओठ हलत असतात.

तर आम्ही मुलगी बघायला गेलो. ओसरीवर गुरुजी, त्यांच्यामागं फळा, आणि फळ्याशेजारी मालधक्क्यावरचे एक कारकून. हे गुरुजींचे सगळ्यांत हुशार विद्यार्थी. प्रत्येक भागाकार तपासायला साक्षीदार म्हणून बसलेले. चेहरा असा, की देवाच्या आरतीतसुद्धा कडवं गाळलेलं यांना खपणार नाही.

"एक आकडा घ्या," गुरुजी मला म्हणाले. "तो घरी पोचला की त्याच दिवशी सुपारी फोडू."

"आन् न्हाई पोचला तर?" मामा.

"मदत कुणाचीही घ्या. संसार कुठं एकट्यानं होतो? पण आकडा अर्ध्या वाटेत सोडून येणाऱ्याच्या हाती मी मुलगी देत नाही."

मी मनाशी म्हटलं, आकडा जितका लहान तितकी वाट जवळची. मामाच्या कानाशी लागलो, "चार घेऊ?"

"येडा का खुळा? चार म्हंजी तिरडीचं खांदेकरी! लग्नाला आलास का मयताला?"

"सहा गेला. सात आधीच मूळ संख्या, तो चालायचा नाही."

"मंग आठ घे की! अष्टविनायक हाय. त्याच्यावानी सुभ आकडा न्हाई."

"आठ!" मी खणखणीत आवाजात म्हणालो.

तेव्हाच मुलगी पोह्यांची ताटली घेऊन दारात आली होती. माझा आठ ऐकला मात्र, तिच्या हातातला चमचा ताटलीवर किणकिण वाजायला लागला. मला वाटलं, बिचारी घाबरली. नंतर पाहिलं तर ती हसू दाबत होती आणि ते ताटलीतून बाहेर पडत होतं. मी त्या किणकिणीवरच खलास झालो. त्या क्षणापासून मला जगात दुसरी मुलगी नको होती. आणि ती मिळायची वाट आठाच्या घरावरून जात होती.

फळ्यापुढं उभा राहिलो. आठ फुटेल तितका फोडला की दोन, दोन, दोन. जोडून दोनशे बावीस. त्याचे दोन, तीन आणि सदतीस, २३३७. त्याचे तीन, एकोणीस, एकेचाळीस, ३१९४१. मामा "वा, वा" म्हणत होता. त्याला वाटत होतं आकडा मोठा होतोय म्हणजे प्रगती आहे. ३१९४१ फुटला तो तीन तिना, एक सात आणि दोन तेरांत. जोडले आणि मी फळ्यापासून दोन पावलं मागं सरकलो. ३३३७१३१३. तीन कोटी तेहेतीस लाख एकाहत्तर हजार तीनशे तेरा. आठापासून निघालो होतो हो मी!

"तिनानं भाग जातो," कारकून गारपणे म्हणाले. "उरतात एक कोटी अकरा लाख तेवीस हजार सातशे एकाहत्तर. हा फुटतो की नाही ते बघायला तीन हजार तीनशेच्या पलीकडपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग घालून पाहावा लागेल. सावकाश होऊ द्या." आणि उठता उठता मला ऐकू जाईल अशा बेतानं पुढं म्हणाले, "नऊ घेतला असता तर तेहेतीस, तीनशे अकरा, की घरी. चार घेतला असता तर बावीस, दोनशे अकरा, की घरी. अष्टविनायक म्हणे."

मी मामाकडं पाहिलं. मामा छताकडं पाहत होता.

चातुर्मास लागला. तसंही त्या दिवसांत लग्नं नसतात, म्हणून मी धीर धरला. वखारीत कागद पुरेना तेव्हा खडूनं पोत्यांवर भागाकार मांडायला लागलो. एकदा जेवायला गेलो तेवढ्यात हमालांनी ती थप्पी स्टेशनवर नेऊन चढवली. मी धावत गेलो तर गाडी सुटलेली. पाठमोऱ्या डब्यात माझा दोन हजार काहीशेचा अर्धा भागाकार पुण्याला निघाला होता.

"आरं, पोती गेली तर पैसं येत्याल," मामा मागून धापा टाकत आला. "तू का ऊर बडवतूस?"

"भागाकार गेला, मामा!"

"ऐका! लोकांची पोरं पोरीपायी रडत्यात, ह्यो भागाकारापायी रडतोय. आरं, तळेगावचं स्थळ चालून आलंय. त्यास्नी मोजायलाबी येत न्हाई. सुखात ऱ्हाशील."

दर रविवारी मी लोणावळ्याला जात असे, आणि दर रविवारी कारकून माझी आठवड्याची कमाई तपासून तिच्यात एक तरी चूक काढत. शेवटी ती एक कोटीची संख्या फुटत नाही असं ठरलं. तिच्यापुढं तिनाचा डबा लावला, तेव्हा गाडी झाली ३११११२३... नाही, थांबा, अजूनही माझी जीभ अडखळते. ३१११२३७७१. पुन्हा पहिल्यापासून.

भाद्रपदात मी गुरुजींना सांगत होतो, की शंभरापर्यंत आलो, अजून कशानं भाग गेलेला नाही. कारकून त्या दिवशी ड्यूटीवर होते. पंगत बसली होती, आणि मुलगी पुऱ्या वाढत होती. माझ्या पानात तिनं एकामागून एक पुऱ्या टाकल्या.

"पुरे, पुरे, मी पाच खातो."

"सात घ्या."

"नको, खरंच."

"सात घेऊन तर बघा," ती म्हणाली, आणि डोळे रोखून माझ्याकडं बघितलं. "सातनं काही बिघडत नाही. तुम्ही सात नीट घेतलाच नाहीत."

गुरुजी ताकाची वाटी तोंडाला लावून होते. त्यांनी ती खाली ठेवलीच नाही. मी हात धुतले आणि पाटी ओढली. सातनं भाग जात होता. तसाच, सरळ, घोरपडीसारखा भिंतीला चिकटून समोर बसलेला सात! पहिल्याच दिवशी वजाबाकीत चुकलो होतो मी. मागोमाग एकशे एकोणपन्नास, तीनशे सतरा, नऊशे एकेचाळीस असे सगळे डबे भराभर सुटले. ही मुलगी स्वैपाकघरात पोळपाटावर पिठानं भागाकार करत होती, हे मला लग्नानंतर कळलं. आणि आठाची वाट तिनं लहानपणी एकदा धरून सोडून दिली होती, हेही. चमचा उगाच नव्हता वाजला.

जोडलेली गाडी आता सात अब्जांच्या वर गेली होती: ७१४९३१७९४१. ती दोनशे एकोणतीसनं फुटली आणि मागं राहिला एक बोजड डबा, तीन कोटी बारा लाख एकोणीस हजार सातशे एकोणतीस. तो आणखी फुटतो का हे बघायला साडेपाच हजारांपर्यंत जायचं होतं.

दिवाळीला दोन्ही थोरले जावई आले. गुरुजींनी फराळ वाटावा तशा मूळ संख्या वाटून दिल्या. हजारापर्यंतचं माझं झालं होतं; थोरल्याला तिथून अडीच हजारापर्यंत, मधल्याला त्यापुढं. अभ्यंगस्नान करून, अत्तर लावून, जरीच्या टोप्या घालून दोघं जावई पाट्या मांडीवर घेऊन बसले. थोरला माझ्याकडं बघून म्हणाला, "अजून जावई झाला नाहीस, आणि दिवाळसण आमचा खाल्लास."

एव्हाना काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या पत्नीचा, धीर सुटला होता. त्यांना भागाकारात रस नव्हता. त्यांनी गुरुजींच्या चहातली साखर कमी करत आणली आणि एक दिवस बंदच केली.

"अहो, चहा कडू आहे," गुरुजी.

"आकडा घरी पोचला की गोड होईल."

"नियम आहे तो."

"तुमच्या आकड्याला घर मिळेल हो. माझ्या लेकीला मिळायचं नाही. त्या मुलाच्या मामानं तळेगावकरांना तुळशीच्या लग्नानंतर शब्द द्यायचं कबूल केलंय, ठाऊक आहे का?"

गुरुजींना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं! मी मामाला गाठलं. मामा म्हणाला, "मंग काय करू? तू म्हातारा झाल्यावर आठ घरी जाईल. तुळशीचं लगीन हुईस्तवर थांबतो. त्याच्यापुढं तळेगाव."

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात निम्मं लोणावळं जमलं होतं. वृंदावनाला ऊस बांधलेले, चिंचा-आवळे वाहिलेले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. तेवढ्यात मधला जावई पाटी उंचावत घरातून बाहेर आला. साडेपाच हजार ओलांडून झाले होते. डबा फुटत नव्हता. म्हणजे आता जोडणी करायची.

हा नवा आकडा फुटला तर संपलं. आणि न फुटणारा आहे असं दाखवायचं, तर दीड लाखापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग घालून पाहायला हवा. तोवर तळेगावकरांची नातवंडं शाळेत गेली असती.

गुरुजींनी फळा अंगणात आणवला. काकू तेवढ्यात परातभर चिक्की घेऊन फिरायला लागल्या. घरी केलेली, चांगली जाड, दगडासारखी. "घ्या, तुळशीचा प्रसाद. हातात नको, तोंडात टाका. मोठा तुकडा घ्या." प्रत्येकाच्या तोंडात तुकडा जाईपर्यंत त्या पुढं हलेनात. काकूंना गणित येत नव्हतं. पण गावातली माणसं त्या पुरती ओळखून होत्या.

गुरुजींनी दोनशे एकोणतीस लिहिला आणि त्याला चिकटवून तो बोजड डबा. २२९३१२१९७२९.

बावीस अब्ज त्र्याण्णव कोटी बारा लाख एकोणीस हजार सातशे एकोणतीस.

आणि मग मी ते दृश्य पाहिलं, जे मरेपर्यंत विसरणार नाही. तिकीटबाबू, पोस्टमन, चिक्कीवाला, शिंपी, दोन्ही जावई, सगळ्यांचे ओठ हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. जबडे चिक्कीनं अडकलेले, पण ओठ चालूच. दोन आणि नऊ अकरा, बारा, तेरा, वीस, एकोणतीस. इकडं दोन, पाच, सात, सोळा, अठरा. एकोणतिसातून अठरा गेले.

अकरा!

गावच्या दुसरीतल्या पोरालाही दिसावा इतका ढळढळीत अकरा. मी तुळशीपलीकडं पाहिलं. तिचेही ओठ थांबले होते. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परातीतला सगळ्यांत मोठा तुकडा उचलून आपल्याच तोंडात कोंबला.

गुरुजींनी खडू खाली ठेवला. मग वळले, खडूचे हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "पोचला. आठ घरी पोचला. ही मूळ संख्या आहे. कुणाला शंका?"

बावीस अब्ज! नुसतं बघून! फक्त चिक्की दातांखाली कडकड वाजत होती. तिकीटबाबू आकाशातला पहिला तारा शोधत होता. शिंप्यानं डोळे मिटून घेतले होते.

आणि मालधक्क्यावरच्या कारकुनांचा हात वर गेला. वर्गात जायचा तसा, सरळ, बोट ताठ. त्यांचा चेहरा लाल झाला होता, गालात चिक्की होती, आणि तिच्यामागून शब्द बाहेर यायला धडपडत होता.

एक शब्द, आणि मी तळेगावात.

"अगं बाई, घास अडकला वाटतं!" काकू कडाडल्या आणि त्यांनी कारकुनांच्या पाठीत असा धपाटा घातला, की ते वृंदावनाला टेकले. "पाणी आणा! आणि हे घ्या, दुसरा तुकडा घ्या, म्हणजे पहिला खाली जाईल." दुसराही गेला. कारकुनांनी काकूंकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं. हिला त्यांनीच लहानपणी मालडब्यांचे नंबर वाचायला शिकवलं होतं. हात हळूहळू खाली आला. एवढा नियमाचा माणूस, पण त्या संध्याकाळी त्यानं डोळे पुसले ते ठसक्यानंच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

अख्ख्या अंगणात ज्याला खरोखर काही कळलं नव्हतं तो एकटा मामा. "पोचला न्हवं का आकडा?" तो आनंदानं ओरडला. "मंग बघताय काय? फोडा की सुपारी! म्या म्हनलं न्हवतं, आठ सुभ असतोय!"

मार्गशीर्षात लग्न झालं. कारकून पंगतीत वाढायला होते आणि दर वाढणीला माझ्याकडं बघून मान हलवत होते. मला मात्र तो अकरा पचत नव्हता. अक्षता पडल्या होत्या, आता काही मुलगी परत घेता येत नव्हती. तरी शंका छळत होती, की खरंच गुरुजींच्या नजरेतून सुटला असेल का? गुरुजी जिलबीची परात घेऊन आग्रहाला आले, तेव्हा राहवलं नाही.

"गुरुजी," मी खालच्या आवाजात म्हणालो, "त्या आकड्याला अक..."

अख्खी जिलबी माझ्या तोंडात आली.

"चावा," गुरुजी माझ्या कानाशी वाकून म्हणाले. "एकोणतीस वजा अठरा. मी शिकवलंय ते गावाला."

मी चावत राहिलो. दुसरं काही करताच येत नव्हतं.

"आकडा सोडलेला नाही, लक्षात ठेवा. मेल गाडीला वाट द्यायची तर मालगाडी बाजूच्या रुळावर घेतात. घेतली. अकराचा डबा काढला तर मागं दोन अब्ज आठ कोटींच्या वरचा एक डबा उरतो. रविवारी या, त्याला लागू." मग दुसरी जिलबी उचलत म्हणाले, "आणि हिला घेऊन या. तुमचा सातचा भागाकार अजून कच्चा आहे."

शेजारच्या पानावर ती मान खाली घालून बसली होती. तिच्या हातातल्या वाटीवर चमचा किणकिण वाजायला लागला.